चैत्रातला हंसराज

मुरबाडहून शहापूरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती आणि तिच्या खांद्यावर मान टाकून तिची चार-पाच वर्षांची मुलगी झोपली होती. मुलीचा डावा कान माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर हलत होता. कान नुकताच टोचलेला दिसत होता, पाळी जरा लाल, आणि भोकात एक काळी चकचकीत काडी. यात नवल काही नव्हतं. टोचलेलं भोक बुजू नये म्हणून इकडे काडी घालून ठेवतात, कडुनिंबाची नाहीतर केरसुणीची, हाताला लागेल ती. मी खिडकीबाहेर पाहिलं. राब भाजून काळी झालेली शेतं, पानं झडलेले साग आणि सगळ्यावर धूळ. परत कानाकडे पाहिलं आणि नजर तिथेच अडकली. काडीच्या मागच्या टोकाला, केसांत अर्धं लपलेलं, एक पान होतं. करंगळीच्या नखाएवढं, पंख्याच्या आकाराचं, आणि हिरवं. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल चालू होता, चैत्र अर्धा सरला होता, आणि त्या पानाला हिरवं असण्याचा काहीएक अधिकार नव्हता.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि गेली नऊ वर्षं शहापूर-मुरबाडच्या नेच्यांवर प्रबंध लिहीत होते. नेचे म्हणजे ती बिनफुलांची, पानांच्या पाठीवर भुकटीसारखे बीजाणू वागवणारी झाडं, ज्यांच्याकडे फुलवेडी माणसं ढुंकूनही पाहत नाहीत. मला ती आवडत, कारण ती कुणाला खूश करायला जात नाहीत. त्यातला हंसराज तर इकडे पोराटोरांनाही ठाऊक. काळ्या तारेसारखा देठ, त्यावर अर्ध्या चंद्रासारखी पानं. आषाढात दरडीवर उगवतो, दिवाळीपर्यंत टिकतो आणि मग वाळून मातीत जातो. संक्रांतीनंतर हिरवा हंसराज आणून दाखवणाऱ्याला मी माझी पदवी काढून देईन, असं दर वर्षी वर्गात म्हणायचे, मुलं हसायची. पण या हंसराजाच्या भावकीत आणखी एक आहे. त्याचा देठ फांद्या फोडतो, पानं पंख्यासारखी असतात, आणि तो बारा महिने हिरवा राहतो. लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ देवीचे केस. त्याची एकच अट, त्याला चुना लागतो. चुनखडकाच्या ओल्या कपारीत तो राहतो, नाहीतर राहत नाही. आणि आमचा सगळा ठाणे जिल्हा, डोंगर धरून, काळा दगड आहे. इथे चुनखडक शोधणं म्हणजे वांझोट्या गाईचं दूध काढणं.

मी पुढे वाकले आणि त्या बाईला विचारलं, ही काडी कुठली. तिने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कान ओढून पळणार आहे. माझा आवाज बहुधा चढला होता, उत्साहात तो चढतो, आणि कंडक्टरसकट दोन-तीन माणसं पाहायला लागली. मी आवाज खाली आणून परत विचारलं. ती म्हणाली, आमची कानकाडी हाय, कड्यावरची. कुठल्या कड्यावरची? शेणव्याच्या वर आमची ठाकरवाडी हाय, तितल्या. आजच तोडली? सकाळी बदलली, म्हाहेरी जायाचं व्हतं. एवढं बोलून तिने मुलीचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं, म्हणजे तो कान माझ्यापासून लांब गेला. शेणवा आलं आणि ती उतरली. माझं तिकीट शहापूरचं होतं, डब्यातली भाकरी खायची राहिली होती, दुपारी चारला कॉलेजात प्राचार्यांनी बैठक लावली होती. मी डबा बाकावरच विसरून तिच्या मागोमाग उतरले.

तिचं नाव सावळी. मुलगी रविना. हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचारल्यावर सावळी पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, तिच्या बापाला शिनेमाचं येड. मुलगी जागी होऊन माझ्या पिशवीकडे बघत होती. उन्हातून अर्धा तास चढ चढताना मी सावळीला काय सांगितलं ते आठवत नाही, बोलत मात्र होते सारखी. डोक्यात वेगळंच चाललं होतं. नव्वद साल, मुंबई, सरांची, म्हणजे माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांची, खोली. पंखा गरगरतोय, भिंतीला लागून लाकडी कपाटं, त्यांत वाळवलेल्या झाडांचे हजारो कागद, आणि डांबरगोळ्यांचा वास. मी सरांसमोर एक कागद ठेवला होता. त्यावर चिकटवलेली हीच पंख्यांची पानं, हाच काळा फांद्यांचा देठ. कॉलेजातल्या जैतू नावाच्या विद्यार्थ्याने वहीत घालून आणून दिलेली. कुठून आणली हे त्याला नीट सांगता येत नव्हतं, कुठल्या तरी मावशीकडून. आणि मी, अठ्ठावीस वर्षांची शहाणी, लेबलावर जागेच्या रकान्यात ठोकून दिलं होतं: शहापूर तालुका, खडकावर, गोळा करणारी मी स्वतः. सरांनी भिंगातून पान पाहिलं, लेबल वाचलं, आणि चष्म्यावरून मला म्हणाले, "ओळखलंस बरोबर. पण ठाणे जिल्ह्यात चुनखडक कुठला? कुणाच्या कुंडीतून तोडलंस?" खोलीतले बाकीचे पाचजण हसले. सरही हसले, वाईट हसणं नव्हतं ते, गमतीचं होतं. मी कागद उचलला आणि बाहेर येऊन जिन्यात फाडून टाकला. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, आणि तो दिवस म्हणजे माशांचा थवाच होता.

जैतूला मी पुढे किती विचारलं, पण तो कॉलेज सोडून कुठेसा कामाला गेला आणि मावशीचं गाव त्याच्याबरोबर गेलं. आठ वर्षं मी माहुलीच्या कड्यांत, आजोबा डोंगराच्या घळीत, माळशेजच्या धबधब्यांमागे गुडघे फोडून घेतले. सदतीस नेचे मिळाले, सगळे सगळ्यांना माहीत असलेले. प्रबंध एकदा परत आला होता. परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती की यात नवीन काय. मुदतवाढ तीनदा घेऊन झाली होती आणि तीस जूनला दार कायमचं बंद होणार होतं. मला जिल्ह्यातली एक नवी नोंद हवी होती. आणि खरं सांगायचं तर नोंदीपेक्षाही मला त्या खोलीतलं हसणं परत घ्यायचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. शेणवा कॉलेजापासून एसटीने किती लांब, डुलकी लागायच्या आत येतं.

वाडीच्या मागे डोंगराची एक पायरी आहे. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर दगडाची लांब पट्टी पुढे आलेली, वरून करवंदीच्या जाळीची सावली, आणि मागच्या भेगेतून पाणी झिरपून दगड ओला. सावळीने बोट दाखवायच्या आधीच मला दिसलं. ती पट्टी पांढरी होती. बाकी सगळा डोंगर काळा, आणि ही दोन हात लांबीची पट्टी पांढरी, जाड, सायीसारखे थर बसलेली. आणि त्या पांढऱ्यातून तो लोंबत होता. बारीक काळ्या देठांचे झुपके, त्यांवर शेकडो हिरवे पंखे, थेंबांनी जड झालेले, चैत्राच्या तीनच्या उन्हात. मी भिंग काढलं आणि कोपर दगडाला टेकवून पान न्याहाळलं. देठ फांद्या फोडणारा. पान पाचरीसारखं, देठाकडे निमुळतं. पान उलटलं, कडा आत दुमडलेली, आणि त्या दुमडीच्या आत तपकिरी बीजाणू. दुमड लांबट. साध्या हंसराजासारखी सलग नाही, तुटक. टोकाला मुळं फुटलेली? नाहीत. साधा हंसराज टोकाने जमीन धरून चालत जातो, हा चालत नाही. मी एकेक खूण मोठ्याने म्हणत होते, वर्गात म्हणते तशी, आणि माझ्यामागे सावळी, रविना आणि घरातून आलेली तिची म्हातारी सासू लहानी, अशा तिघी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळ्या खुणा जुळल्या तेव्हा मी वळून सावळीला मिठीच मारली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. लहानी सुनेला म्हणाली, "बाईला ऊन लागलं गो, पानी दे."

मी एक फांदी तोडली, पांढऱ्या थराचा एक खपला चाकूने काढून डबीत घातला आणि पहिल्या एसटीने कॉलेजात आले. बैठक संपून गेली होती. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. खपला काचेवर ठेवला, वर पातळ आम्लाचा एक थेंब सोडला. थेंब उकळल्यासारखा फसफसला. चुना, शंभर टक्के चुना. मी दुसरा थेंब टाकला, तिसरा टाकला, खपला संपेपर्यंत टाकत राहिले, लहान मुलासारखी. मला तेव्हा कुणीतरी हवं होतं सांगायला आणि कुणी नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सांगाड्याला सांगितलं. मग टेबलावर बसून सरांना पत्र लिहिलं. चार पानं. काळ्या दगडात चुनखडकाची पट्टी, झऱ्याच्या पाण्याने थरावर थर चढून तयार झालेली, लांबी इतकी, जाडी इतकी, थर डोळ्यांना स्पष्ट दिसतात, आणि त्यावर हा नेचा, बारमाही, भरपूर. शेवटी लिहिलं की कुंडी जरा मोठी आहे, येऊन पाहावी. हे वाक्य लिहिताना जो आनंद झाला तो नेचा सापडल्याच्या आनंदाहून कमी नव्हता. पाचव्या दिवशी कॉलेजच्या फोनवर सर होते. आवाज थकलेला, पण शब्द तेच मोजके. रविवारी येतो, म्हणाले, आटगावला उतरेन, रिक्षा सांगून ठेव.

त्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हतेच. वर्गात शिकवताना मधेच हसू येई. आईचं कल्याणहून पत्र आलं, त्यात नेहमीचं एक स्थळ होतं, बिजवर, सरकारी नोकरी, आणि नेहमीचं वाक्य, की पालापाचोळा गोळा करून म्हातारपण निघत नाही. एरवी मी दोन दिवस धुमसले असते. या वेळी तिला उलट टपाली कळवलं की माझं ठरलंय. काय ठरलंय ते लिहिलं नाही, म्हातारी कामाला लागली असेल. पण याच आठवड्यात एक बारीक अस्वस्थपणाही होता, चपलेत खडा असावा तसा. पट्टीचे ते थर. पाण्याने चढलेला थर सपाट असतो, लाटेसारखा वाहता असतो. भिंगाखाली मी पाहिले ते थर तुटक होते. बोटभर रुंद, बोटभर लांब, एकावर एक, एकाशेजारी एक, खवल्यांसारखे. पत्रात मी त्यांना थर म्हटलं होतं, खवले म्हटलं नव्हतं. का म्हटलं नाही, हा प्रश्न पडला की मी लगेच दुसरं काम काढत असे. मनात कुठेतरी एक बाई दार लावून उभी होती आणि आतून कुणी ठोठावत होतं. शनिवारी कॉलेज अर्ध्या दिवसाचं होतं. मी स्वतःला म्हटलं, उद्या सर येणार, वाडीत सांगून ठेवायला नको का? आणि गेले.

कड्यापाशी चार-पाच बाया जमल्या होत्या. शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलीचे कान टोचले होते, ती आईच्या पदराखाली हुंदके देत होती. लहानीने हंसराजाचा एक झुपका हाताने बाजूला केला, जून देठ निवडून नखाने खुडला, त्याची काडी करून त्या मुलीच्या आईच्या हातात दिली, काडीच्या टोकाचं एक पान ठेवून, ती निसटू नये म्हणून. मग कमरेची चंची सोडली, तंबाखूच्या कप्प्याशेजारची चुन्याची डबी उघडली, तर्जनीवर चुना घेतला, आणि ज्या जागचा देठ खुडला होता तिथेच, दगडावर, बोट दाबून ठेवलं. मनात दहापर्यंत मोजावं इतका वेळ. बोट काढलं तेव्हा तिथे एक नवा पांढरा खवला होता, ओला, आणि त्यात लहानीच्या बोटाच्या रेषा उमटल्या होत्या.

मी विचारलं, आजी, हे काय केलंत. ती म्हणाली, काडी घेतली का बोट द्यायाचं. प्रत्येक वेळी? प्रत्येक वेळी. कधीपासून? ते तिला माहीत नव्हतं. तिच्या सासूच्या सासूने ही कानकाडी माहुलीच्या गडावरून आणली, लुगड्याच्या ओच्यात, मुळासकट, कारण पोरींचे कान टोचतात उन्हाळ्यात, कामं नसतात तेव्हा, आणि उन्हाळ्यात खालचा हंसराज वाळलेला असतो, वाळली काडी मोडून आत राहते आणि कान पिकतो. गडावर ही बारा महिने हिरवी असायची, टाक्याच्या जुन्या भिंतीत; ती भिंत पुढे पडली आणि तिथली काडीही गेली. मी विचारलं, मग चुना कशाला. लहानीने माझ्याकडे पाहिलं, मी शिकवते हे तिला ठाऊक होतं, आणि असं कसं विचारते असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"गडावर ती चुन्याच्या भितीत व्हती. हितं नुसत्या दगडात कशी जगंल? तिला तिचं खानं द्याया नको?"

माझी नऊ वर्षं, ग्रंथालयातली लाल पुठ्ठ्याची पुस्तकं, मातीच्या परीक्षा, हे सगळं त्या एका वाक्यात मावत होतं आणि वर जागा उरत होती. मग तिने आणखी एक सांगितलं, चंचीची दोरी आवळता आवळता, काही विशेष नसल्यासारखं.

"तुमी नेलीव त्या दिशी, तवा नाय दिलंव. म्या दिलं तुमच्या नावचं."

तिने दाखवलं. पट्टीच्या उजव्या टोकाला, मी फांदी तोडली होती त्या जागी, एक खवला होता, आठ दिवसांचा, घट्ट झालेला. मी त्यावर माझं बोट ठेवलं. ते लहानीच्या बोटाच्या रेषांत पुरतं बसलं नाही, माझं बोट बारीक. मी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि आता मला दगड दिसेचना. नुसती बोटं दिसत होती. या वाडीत जन्मलेल्या प्रत्येक मुलीची दोन, डावा कान आणि उजवा कान, काडी बदलली की पुन्हा, चार पिढ्या, पाच पिढ्या. माझा चुनखडक. मी त्याची लांबी मोजली होती, जाडी मोजली होती, माणसं मोजायची राहिली होती. मला रडू येईल असं वाटलं आणि आलं ते हसू, जोराचं, आणि त्याच्या आत खोलवर भीतीही होती, कारण मला कळत होतं की याच घटकेला माझा प्रबंध हातातून गेला. बाहेरून आणून लावलेलं झाड जिल्ह्याच्या यादीत घेत नाहीत. माणसाने तयार केलेला खडक हा खडकच नव्हे. कुंडीतून तोडलंस ना, असं सर म्हणाले होते, आणि सर बरोबर होते. फक्त इतकी मोठी, इतकी जुनी कुंडी त्यांनी पाहिली नव्हती.

घरी येताना मनात दोन वकील भांडत होते. एक म्हणत होता, कोण विचारणार आहे. आम्ल फसफसतं, नेचा खरा आहे, ओळख बिनचूक आहे, चुना तो चुना. सर सत्तरीचे, ते काय बायकांची बोटं मोजणार आहेत? दुसरा काही बोलतच नव्हता, नुसता त्या ओल्या खवल्यातल्या रेषा दाखवत होता. पहिला हुशार होता आणि मला तोच आवडत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी आटगावला सर उतरले तेव्हाही मी काहीच ठरवलं नव्हतं. सर फार वाळले होते. चढावर तीनदा बसले. हातात तोच जुना हातोडा, खांद्याला तीच कॅनव्हासची पिशवी. दुसऱ्या बसण्याच्या वेळी ते म्हणाले की डॉक्टरने चढायला बंदी केली आहे, हे घरी सांगू नकोस. मला एकदम त्यांची माया आली आणि त्याच क्षणी त्यांचा रागही आला, कारण माया आली की खोटं बोलणं अवघड होतं.

कड्यापाशी पोचल्यावर त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग पिशवीतून भिंग काढून पानाशी वाकले आणि पुटपुटू लागले, देठ, फांदी, पाचर, दुमड, मी म्हटली होती ती सगळी यादी, त्याच क्रमाने. ती त्यांनीच मला शिकवली होती. मग बाटलीतला थेंब पांढऱ्यावर टाकला. फसफसलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वीस वर्षांपूर्वीचे सर दिसले, मी न पाहिलेले. ते स्वतःच समजावून सांगायला लागले, वरच्या दगडाच्या भेगांत चुन्याच्या गाठी असणार, पाणी तो विरघळवून खाली आणतं आणि इथे सोडतं, अशक्य नाही, मुळीच अशक्य नाही. माझ्यासाठी खडकाचा सगळा इतिहास त्यांनी उभ्या उभ्या रचून दिला, तोही माझ्यापेक्षा चांगला. मला फक्त मान हलवायची होती. मग ते दगडावर बसले, मी भरून आणलेलं लेबल मांडीवर घेतलं, शाईचं पेन उघडलं, नेच्याचं नाव लिहिलं, खाली ओळख पटवणारा म्हणून सही केली, आणि मान वर करून म्हणाले, "नव्वद साली मी तुला हसलो होतो. चुकलं माझं."

आठ वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. झोपेत ऐकलं होतं, आंघोळ करताना ऐकलं होतं, सरांच्या आवाजात, याच शब्दांत. ते आलं आणि मला एवढंच वाटलं की हे उष्टं होण्याआधी परत द्यायला हवं.

"चुकलं नाही, सर," मी म्हटलं. "हा खडक नाही."

आणि मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, हात हलायला लागले, मी त्यांना हाताला धरून पट्टीपाशी नेलं आणि खवले दाखवले, हा पाहा, या रेषा पाहा, हा कालचा, हा आठ दिवसांचा, हा माझ्या नावाचा आहे सर, आणि हे खालचे, झिजलेले, हे कुणाचे असतील कोण जाणे, मेलेल्या बायांचे असतील. मला कळलं की मी दुःखात बोलत नाही. नेचा ओळखला त्या दुपारपेक्षाही मी जास्त पेटले होते. चुनखडक सापडणं ही मोठी गोष्ट नव्हती, तो कुठे ना कुठे असतोच. पण नेच्याला चुना लागतो हे माझ्या आधी, सरांच्या आधी, इथे एका बाईने ओळखलं होतं आणि ते कागदावर न लिहिता पाच पिढ्या टिकवलं होतं. एव्हाना सावळी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती आणि तिच्यामागे रविना.

सरांनी एका खवल्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले की परीक्षक हे कापणार. लागवड केलेली वनस्पती, नोंद रद्द, आणि प्रबंधात नवीन काय हा प्रश्न परत उभा. तीस जूनपर्यंत दुसरं काही मिळणं शक्य नाही. हे पान प्रबंधातून काढून ठेव, मी वेगळा लेख म्हणून कुठे तरी देईन, असंही म्हणाले. आवाजात काळजी होती. मग त्यांनी लेबल पुढे केलं. एक रकाना कोरा होता, त्यात दोनपैकी एकच लिहायचं असतं, देशी किंवा लावलेली. त्यांनी पेन त्या रकान्यावर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी सावळीकडे वळले आणि तिला समजेल असं विचारलं, की साहेब विचारतायत, ही तुमची कानकाडी इथली आहे की बाहेरची.

सावळीला प्रश्न विचित्र वाटला. तिने तांब्या दगडावर ठेवला, पदराने हात पुसले.

"बाहेरचीच की. पर मी पन बाहेरचीच हाय. मुरबाडाकडची. हितं दिली मला," ती म्हणाली. "आता मला कोनी इचारलं तं मी या वाडीचीच सांगतंय ना?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, लेबल तुझं आहे. मी दगडावर कागद टेकवला. सर, सावळी आणि रविना तिघंही वाकून बघत होते. मी गोळा करणारीच्या रकान्यातलं माझं नाव खोडून वर लहानी आणि सावळी लिहिलं, कशावर वाढते या रकान्यातला चुनखडक खोडून लिहिलं, बायांनी बोटाने दिलेल्या चुन्यावर. मग उरलेल्या त्या कोऱ्या रकान्यात, परीक्षक कापणार हे पक्कं ठाऊक असताना, ठसठशीत अक्षरात लिहिलं: इथली.